पंचवीस झाकणांचा पेला

हॅलो? … हो बाबा, बोला. … दुकानातच आहे, रंग मिसळतेय. पाय कसे आहेत? … सूज तशीच? बोट दाबल्यावर खड्डा पडतो? … अरे देवा.

अहो, उद्या डॉक्टरांनी हे बघितलं तर सरळ ॲडमिट करतील! बजावलंय त्यांनी. पाणी, चहा, सूप, सगळं धरून दिवसाला लिटरभरच. … मापात म्हणजे किती प्यायलात आज? … तीन कप. मग बरोबर आहे की. कागदावर सहा लिहिलेत मी…

थांबा. कप कुठला? … तो स्टीलचा पेला? … अहो, पेल्याला कप कोण म्हणतं? … ज्यातून चहा पितो तो कप! वा!

ऐका ना… अहो, आधी ऐका. खोकल्याच्या औषधाचं झाकण आहे ना, दहा मिलीचं? त्याने पेल्यात पाणी ओता, मोजत. … हो, आत्ता. … धरलाय मी फोन. … दादा, तुमचा डबा देते हं, दोनच मिनिटं. … नाही, तुम्हाला नाही बाबा, गिऱ्हाइकाला. तुम्ही मोजा. … अकरा दोनदा म्हणालात. … सतरा… हं… पंचवीस? तुम्ही रोज भरता तेवढंच ना?

बाबा! अडीचशे मिली! मी कप धरला होता दीडशेचा. सहा कपांचे नऊशे, गोळ्यांबरोबरचं पाणी शंभर, झाला लिटर. तुम्ही रोज दीड लिटर रिचवताय, वर गोळ्यांचं वेगळंच!

हसताय काय? … हो, मीही हसतेय. अहो, आठ दिवस जीव टांगणीला लागला होता माझा. वाटलं, औषधच लागू पडत नाही. खूप घाबरले होते हो. … उद्या पेला पिशवीत घालून न्यायचा. मुद्देमाल!

आज? तीन पेले म्हणजे साडेसातशे, गोळ्यांचे शंभर. उरले दीडशे. एक कप. … हो, झोपेपर्यंत. … शेजारचे ड्रायव्हरकाका गप्पांना येतायत? मग ठरवा, आत्ता त्यांच्याबरोबर चहा, की रात्री सूप. … लगेच ठरलं? बरं, चहा. काचेच्या कपाटातला फुलाफुलांचा कप काढा, तो बरोब्बर दीडशेचा. … पाहुण्यांचा आहे, माहितीये. एकच उरलाय, तेही माहितीये.

बेल वाजली? … अहो, मग पाहुण्यांना द्या ना पेल्यात! कप तुम्ही घ्या. आणि घोट घोट प्या बाबा, गप्पा संपेपर्यंत पुर… हॅलो? … हॅलो?

ठेवलासुद्धा.