परवच्यातली पहिली पाळी

लिहून घेताय तर घ्या, मी मूळचा मांजरी गावचा. वडील तिथे जोशीपण करायचे, पंचांग सांगायचे, आणि मी मुळा-मुठेत पोहायचो, दुसरं काही करायचो नाही. मग मुंज झाल्यावर मामांनी पुण्याला आणलं. मामा सरकारी दफ्तरात कारकून. मलाही तिथेच चिकटवायचा त्यांचा बेत होता, पण माझं मोडी अक्षर असं, की दफ्तरातल्या वडीलधाऱ्या कारकुनाने कागद उलटा धरून पाहिला, सुलटा धरून पाहिला आणि मामांना म्हणाला, भाचा हुशार आहे, ह्याला शिकवायला बसवा, म्हणजे स्वतःला लिहावं लागणार नाही. असा मी पंतोजी झालो. पुण्यातलं बोलणं हे असं. पण त्या माणसाचे उपकारच म्हणायचे.

कसब्यातल्या मारुतीच्या देवळाची ही ओसरी तेव्हापासून माझी शाळा. मुलं येतात, फळीवर लाल माती पसरतात, काडीने अक्षरं काढतात, पुसतात, पुन्हा काढतात. दुपारी हिशेब. संध्याकाळी देवापुढे दिवा लागला की परवचा, म्हणजे सगळ्यांनी मिळून पाढे म्हणायचे, पावकी, निमकी, तिथी, वार, नक्षत्रं. पेठेतल्या बायका देवाला आल्या की खांबाला टेकून ऐकतात. आपला मुलगा मोठ्याने म्हणतोय ना एवढं बघतात आणि जातात.

पहिली वर्षं मी छडी घेऊनच बसायचो. लपवत नाही, सगळेच पंतोजी बसतात. पण त्यात एक व्हायचं. पाण्याची घागर फुटली, कोणी फोडली रे विचारलं, की सगळी बोटं एकाच मुलाकडे, आणि तो सगळ्यांत दुबळा असायचा. माझ्या ओसरीवर पाढे तोंडपाठ होत होते आणि त्याच्या बरोबरीने खोटंही तोंडपाठ होत होतं. मला वाटलं, हे काही खरं नाही, ही मुलं उद्या दुकानांत बसतील, दफ्तरांत बसतील, तिथेही हेच करतील. मग मी छडी आढ्यात खोचली आणि एक नवीन काढलं. परवचा संपला की प्रत्येकाने उभं राहून सांगायचं, आज माझ्याकडून काय चुकलं. खरं सांगेल त्याला मार नाही, उलट शाबासकी.

काय सांगू तुम्हाला, महिनाभर मी हवेत होतो. मुलं भराभरा सांगायची. मग शाबासकीची गोडी लागली आणि चुका पुरेनात, तेव्हा ती चुका बनवायला लागली. एक काडीसारखा मुलगा उठून म्हणाला, मी सरकारवाड्यावरच्या हत्तीचा ऊस खाल्ला. मी शाबास म्हणालो. दुसऱ्या दिवशी आणखी तिघांनी त्याच हत्तीचा ऊस खाल्ला होता. राधाकाकू म्हणून एक म्हाताऱ्या होत्या, जिभेला धार, रोज दिव्याला तेल घालायला यायच्या. त्या म्हणाल्या, पंतोजी, त्या हत्तीला दोन घास ठेवा हो, उपाशी मरायचा. सगळ्या बायका हसल्या. मीही हसलो. हसण्यावारीच नेलं ते, आणि बायका ऐकायला जास्त येऊ लागल्या त्याचा मला, खरं सांगतो, अभिमान वाटायला लागला. एखादं कीर्तन रंगावं तशी माझी शाळा रंगली होती.

आणि अशा भरलेल्या ओसरीवर सखाराम उभा राहिला.

सखाराम म्हणजे समोरच्या केशवशेट वाण्याचा मुलगा. गोरा, गंभीर, हत्तीचा ऊस न खाणारा. तो म्हणाला, आमच्या दुकानातल्या शेराच्या मापाला आतून बुडाशी मेण लावतात, म्हणजे तांदूळ कमी मावतात, आज ते मेण बाबांनी मला लावायला सांगितलं आणि मी लावलं, हे माझ्याकडून चुकलं.

खांबाला टेकलेल्या बायका सरळ झाल्या. त्यातल्या निम्म्यांनी त्याच मापाने तांदूळ नेलेले. मुलगा माझ्याकडे बघत होता, शाबासकीची वाट बघत होता. मी काय केलं ऐका. मी घाईघाईने म्हणालो, चला, बे एके बे, आणि सगळ्या मुलांनी जोरात पाढा धरला, त्या आवाजात तो उभाच राहिला आणि मग हळूच बसला. मी त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. केशवशेट पेठेतला वजनदार माणूस. त्याने मुलगा काढला तर त्याच्यामागे चार घरं मुलं काढतील, हे माझ्या डोक्यात आधी आलं.

त्याने मुलगा काढलाच. रात्री चोपला आणि काढला. इतर घरांनीही काढली, की आमच्या घरातलं चव्हाट्यावर नको. ओसरीवर पाच-सहा डोकी उरली. पण शाळा ओस पडली त्याचं मला तितकं लागलं नाही, सखारामाच्या पाठीवरचे वळ मला रोज माझ्या जेवणाच्या पानात दिसायचे. शेवटी दुकानात गेलो.

केशवशेट गादीवरून उठले नाहीत. म्हणाले, या पंतोजी, तुम्ही पावकी-निमकी शिकवा, आमचा शेर आम्ही पाहू. मी म्हणालो, शेटजी, मुलाला मारायला नको होतं. ते म्हणाले, मारलं मी, पण सगळ्या पेठेसमोर उभं कोणी केलं? ते खरं होतं. तेवढ्यात आतून त्यांची बायको दाराआड येऊन बोलली. म्हणाली, पंतोजी, मार तो दोन दिवसांत विसरला. तो मला विचारतो, आई, मी खरं सांगितलं तर पंतोजींनी पाढा का सुरू केला? आता ह्याचं मी काय सांगू त्याला, तुम्हीच सांगा.

मी उभ्या उभ्या इतका लहान झालो. म्हटलं, शेटजी, आज दिवेलागणीला मुलाला घेऊन या, एकदाच, मग नका पाठवू. ते म्हणाले, बघू. पुण्यात बघू म्हणजे नाहीच.

पण आले. मुलाचा हात धरून पायरीखालीच उभे राहिले. पेठेला वास लागलेलाच, ओसरी पुन्हा भरली. परवचा झाला. मग मीच उठलो. म्हणालो, आज पहिली पाळी माझी. सखारामाने खरं सांगितलं आणि मी त्यावर पाढ्याचं झाकण घातलं, कारण मी घाबरलो. दुसरं, जे घरी बापाच्या कानात सांगायचं ते मी मुलांकडून बायकांसमोर वदवून घेतलं, कारण मला गर्दी आवडायला लागली होती. सखाराम, तू चुकला नाहीस. शेटजी, मुलाला मार बसला तो माझ्यामुळे.

मग राधाकाकू समईत तेल घालता घालता म्हणाल्या, शेटजी, मी उद्या तांदूळ न्यायला येते हो, माप तेवढं घासून ठेवा.

मला वाटलं, आता संपलं. पण केशवशेट तितक्याच कोरड्या आवाजात म्हणाले, काकू, घासलंय. पंतोजी दुकानातून गेल्यावर ह्याच पोराने वाळू लावून घासलं, मी बघत बसलो होतो. या, आणि पिशवी मोठी आणा.

पहिल्या राधाकाकू हसल्या, मग सगळेच. सखाराम बापाचा हात सोडून वर आला आणि आपल्या जागी बसला.

त्यानंतर आम्ही रीत बदलली. परवच्यानंतर फक्त स्वतःचं सांगायचं, घरातल्यांचं नाही, शेजाऱ्याचं नाही. चूक आधी निस्तरायची, मग सांगायची. शाबासकी नाही, मारही नाही. त्यामुळे हत्तीचा ऊस कोणी खाईनासं झालं. आणि पहिली पाळी पंतोजीची. मुलं हळूहळू परत आली. पुढेपुढे एखादा बापही पायरीवर बसून आपलं सांगायला लागला, बायकोने डोळे वटारले तरी.

आता त्या दुकानात सखाराम बसतो. गिऱ्हाईक आलं की आधी शेराचं पितळी माप पालथं करतो आणि बोटाने वाजवतो. मेण असलेलं माप बद्द वाजतं, स्वच्छ असलेलं ठणकन वाजतं. कोणी मागत नाही तरी वाजवतो. पेठेतल्या इतर दुकानांतही आता गिऱ्हाइकं म्हणतात, वाजवा पाहू. इथे ओसरीवर बसून दिवसभर ते मला ऐकू येतं आणि बरं वाटतं. त्याच्या पाठीवरचे वळ मात्र मी विसरलेलो नाही. विसरू नये असंच वाटतं.

त्याचा धाकटा मुलगा आज पहिल्यांदा आलाय, तो पाहा, मातीत ग काढतोय आणि नाकाला माती लावतोय. चला, दिव्याची वेळ झाली, तुम्हीही लेखणी ठेवा आता. पहिली पाळी माझी आहे. तुमच्यापुढे दुपारभर स्वतःचं पुराण लावलं आणि मुलांना एकाच अक्षरावर बसवून ठेवलं, हेच आज सांगेन. पण निस्तरल्याशिवाय सांगता येत नाही ना. जरा थांबा, आधी त्या पोराला घ दाखवून येतो. देव तुमचं भलं करो.