पाळण्याच्या कुसा

मलकापूर स्टेशनात गाडीची वाट पाहणाऱ्या कोकिळाच्या शेजारी एक म्हातारा-म्हातारी सुट्या पाळण्याचा गठ्ठा घेऊन बसले होते.

"खाचांत ठोकाच्या बाभळीच्या कुसा, त्या पाचरी, घेतल्या ना वं?"

"कोन्त्या?"

"चुलीपाशी ठेवल्या होत्या त्या! त्याच्याबिगर पाळणा जुळते काय?"

"अगं बाई! म्या ढलप्या समजून जाळल्या."

"आता?"

"पोरीच्या घरी नव्या करा."

"म्या सांजच्या गाडीनं वापस येनार होतो. बैलाईले कोन पाहीन?"

"भाऊजी पाहतीन. चार रोज नातीपाशी राहा."

म्हाताऱ्यानं गठ्ठ्याची दोरी आवळली.

"तरीच सकाळी आंघोळीचं पानी कडक होतं."

गाडी आली. तो गठ्ठा उचलायला वाकला, तशी म्हातारीनं ओच्यातून डोकावणारी बाभळीची कूस हळूच आत खोचली.