पट्टीवरचे केस

फिजिओथेरपीच्या खोलीत मधे नुसता पडदा होता. अलीकडे गुडघा शेकत बसलेल्या शिंपीकाकांना पलीकडचं सगळं ऐकू येत होतं. तिथे चार महिन्यांची बाळंतीण, तिचं बाळ, नवरा आणि डॉक्टरीणबाई होत्या.

“कंबर अजून तशीच? घरी दिलेलं करंटचं मशीन रोज लावता ना?”

“लावते हो, पण पट्ट्या चिकटतच नाहीत.”

“इतक्यात? बघू. अहो, या पट्ट्यांना केस चिकटलेत! कोणाचे?”

“माझे नाहीत.”

“मी आपलं… दोन-चारदा लावून बघितलं. पोट आत जातं म्हणे.”

“तू? मला तर म्हणालास, मशीन चार्जिंगला आहे!”

“अगं, मॅच बघता बघता…”

“मी भिंत धरून उठत होते. बाळाला उचलताना डोळ्यांत पाणी यायचं. आणि तू सोफ्यावर पोट आत घेत होतास?”

“हळू. लोक ऐकतायत.”

“ऐकू देत! माझं पोट बाळानं वाढलं, तुझं कशानं?”

काकांना हसू आवरेना.

“अगं, एवढं काय त्यात? बाळंतपणानंतर सगळ्याच बायकांची कंबर दुखते.”

काकांचं हसू तिथेच थांबलं.

“डॉक्टर, नव्या पट्ट्या लावा. आणि तू, बाळ घे नि बाहेर हो. रडलं तरी मला हाक मारायची नाही.”

पडदा सरकला. रडणारं बाळ घेऊन नवरा बाहेर आला आणि खुर्ची शोधू लागला.

“बसू नका!” काका तडकले. “उभ्यानं फिरवा. गप्प झालं तरी बसायचं नाही.”