पहिलं मशीन आणि धावड्याचे पाहुणे

— हां, अंगद मीच. बसा ना काका, त्या स्टुलावर नका, त्याचा एक पाय हलतो — खुर्चीवर बसा, खुर्ची नदीमभाईंची आहे, पण ते जालन्याला गेलेत, चारपर्यंत येत न्हाईत. तुम्ही धावड्याचे रखमाजीकाका ना? ओळखलं मी. हे स्थळ आणणाऱ्या माऊलीनं फोटो दाखवला होता — तुमचा न्हाई, म्हणजे तुमच्या घरचा, त्यात तुम्ही मागं उभे होते. पण माऊली तर म्हणला होता पाहुणे रविवारी येणार, घरी, पोरगा बघायला. आज मंगळवार. न्हाई न्हाई, बरं केलं आलात — बदनापुरात काम निघालं का? हां, बियाण्याचं. मंग बराबर. थांबा, हात पुसतो. काका म्हणलं तर चालेल ना? मामा म्हणणं आत्ताच जास्त होईल. आणि हे कंप्युटरचं मशीन असं उघडं बघून बंद पडलंय असं समजू नका. हे बंद पडलेलं न्हाई. हे आज अजून चालूच झालं न्हाई. फरक आहे त्यात.

नवीन आहे हे, काल जोडलं. तरन्नुमबाजी म्हणून आहेत, मशिदीमागं राहतात, ड्रेसवरच्या कशिद्याची डिझाईनं कंप्युटरवर काढतात — त्यांचं. नदीमभाई म्हणले, अंगद, हे पूर्ण तू जोड, मी हातसुद्धा लावणार न्हाई. एकट्यानं जोडलेलं पहिलंच माझं. आणि काल संध्याकाळी चालू झाल्तं काका, आईशपथ, या स्क्रीनवर चित्र आल्तं! आज बघा — बटन दाबलं, पंखे फिरले, लाईट लागली. आणि स्क्रीन? काळी. अर्धा तास झाला तेच करून राह्यलो. काय? दुकान कोणाचं? नदीमभाईंचंच. मी कामाला. माऊली काय म्हणला, माझं स्वतःचं? ... त्याचं बोलणं जरा मोठं असतं. मनानं चांगला आहे तो.

आधी सोपं बघायचं, मंग अवघड — हे मला नदीमभाईंनी पहिल्या दिवशी शिकवलं. भिंतीतली पिन घट्ट आहे? आहे. स्क्रीनची वायर? ही काढली, दुसरी लावली — काळीच. आता याला काय दुखतंय ते यालाच विचारावं लागतंय. हा भोंगा बघा, बोटाच्या पेराएवढा. नवीन मशीनमध्ये हल्ली देत न्हाईत, मी जुन्या डब्यातून काढून ठेवलाय. मशीनला स्क्रीनवर काही दाखवता आलं न्हाई तर ते वाजून सांगतं. लावला. आता जरा बोलू नका — तुम्ही बोलतच न्हाई म्हणा, मीच बोलून राह्यलो. एरवी मी बोलत न्हाई काका, आईला विचारा, दिवसाला चार शब्द, त्यातले दोन ‘जेवलो’ आणि ‘निघालो’. आज काय झालंय मला — हां, ऐका. टूं, टूं, टूं. तीन! तीन म्हणजे मेमरी. सापडलं, सापडलं.

मेमरी म्हणजे ही हिरवी पट्टी. अशा दोन आहेत. काल एकच होती, दुसरी आज सकाळी कुरियरनं आली, मंग बसवली. काढतो. हे खालचे सोनेरी दात दिसतात का? हे खोडरबरानं घासायचे. हसा, सगळेच हसतात, पण मोठमोठे मिस्त्री हेच करतात — हाताचा घाम लागला तरी मशीन रुसतं. हे खोडरबर पण माझं शाळेतलंच आहे, नववीत घेतलेलं, अर्धंसुद्धा झिजलं न्हाई, त्याच्या आधी शाळाच संपली.

...

हां. नववी. माऊली बारावी म्हणला होता ना? आणि कंप्युटरचा डिप्लोमा पण? तसं काही न्हाई काका. नववी, ती पण अर्धी. अभ्यास येत नव्हता असं न्हाई, पण इंग्रजीचे सर उभं करायचे, वाच म्हणायचे, आणि चाळीस पोरं वळून बघायला लागली की माझा आवाजच निघायचा न्हाई. सर म्हणायचे, तोंडात गूळ धरलाय का? मंग एक दिवस शाळेला निघालो तो इथं येऊन बसलो. नदीमभाई टीव्ही उघडून बसले होते. त्यांनी हुसकलं न्हाई, काही विचारलं पण न्हाई, नुसतं म्हणले, हा पेचकस धर. तीन महिने घरी वाटायचं पोरगा शाळेत आहे. आई डबा द्यायची, अर्धा मी खायचो, अर्धा नदीमभाई. शेवटी आईला कळलं ते डब्यावरूनच — झाकणाला सोल्डरचा वास यायचा. रडली, मंग दुसऱ्या दिवसापासून दोन डबे देऊन राह्यली. अजून देते.

तुमची दीपमाला बी.ए. झालीय, माहितीय मला. मी माऊलीला म्हणलं होतं, बाबा, खरं तेच सांग. तो म्हणला, खरं सांगितलं तर पाहुणे बदनापूरचा रस्ता पण धरत न्हाईत. बघा, तुम्ही आलात आणि मी सांगून बसलो. बरं झालं, जीव हलका झाला. आता तुम्ही न्हाई म्हणलात तरी... म्हणजे म्हणू नये असं वाटतं, पण म्हणलात तर नववीला म्हणाल, खोट्याला न्हाई. फोटो? हो, बघितला ना. एकदा. चार-पाच वेळा. त्यात मागं भिंतीवर बटनांचा बोर्ड आहे बघा, त्यातलं तिसरं बटन काळं पडलंय. आत ठिणगी पडत असणार. त्याच्यावर कूलर लावू नका म्हणावं घरी, लोड पडला की जळेल. न्हाई, फोटोत नुसतं बटनच बघितलं असं न्हाई... बाकीचं पण बघितलं. छान आहे. म्हणजे फोटो. म्हणजे — जाऊ द्या, पट्टी लावून बघू.

लावली. ‘कट’ असा आवाज यायला पाहिजे, तो काय नीट आला न्हाई. बटन दाबतो. टूं, टूं, टूं. परत तीनच! मंग पट्टीत न्हाई, खाचेत काहीतरी आहे. एक काम करा काका, माझ्या मोबाईलची चार्जिंग संपलीय, तुमच्या मोबाईलचा टॉर्च मारता का इथं? ... खिशातच तर आहे, काढा ना. काय झालं? द्या इकडं, मी लावतो —

काका. हा कॉल चालू आहे. सत्तावीस मिनिटं. नाव दीप—

कधीपासून? आल्यापासून? म्हणजे खोडरबर, आणि शाळा, आणि आईचा डबा... आणि बटन पण? अरे देवा. कोणाची आयडिया, तिचीच? पोहे खाताना सगळी पोरं सारखीच बोलतात, म्हणून न सांगता जा आणि फोन चालू ठेवून खिशात टाक? ... न्हाई, राग कशाचा. बराबर आहे तिचं. पोहे खाताना मी बोललोच नसतो. हसून राह्यली का ती? स्पीकरवर नका टाकू काका, न्हाई, टाकलाच तुम्ही — नमस्कार. अंगद बोलतोय. म्हणजे मघापासून मीच बोलतोय.

आता टॉर्च बराबर धरा, फोन कापू नका, धरा नुसता. जरा डावीकडं. हे काय आहे? लाल... तांदूळ! तांदळाचा दाणा, कुंकू लावलेला. थांबा, कळलं — सकाळी आई आल्ती! पोराचं पहिलं मशीन म्हणून ताट घेऊन आल्ती, हळदीकुंकू वाहिलं, अक्षता टाकल्या. मी पंख्यावर हात धरला, माझं सगळं लक्ष पंख्याकडं, आणि ही खाच उघडीच. वरून पट्टी दाबली मीच. चिमटा... चिमटा कुठंय... हां, आला बाहेर. आईला सांगू नका दोघं पण, तिच्या मनाला लागेल. नदीमभाईंना मी सांगतो, चूक माझीच, आधी फुंकर मारून बघायला पाहिजे होती. दीपमाला, तुम्ही... तुम्ही म्हणू का तू? बरं, तुम्हीच. तुम्ही पण सांगू नका.

उभे राहिलात काका? भोकरदनची गाडी? जायलाच पाहिजे, हो, मंग अडवत न्हाई. माऊलीला काय निरोप ते तुम्ही... बरं. पण एक मिनिट, एवढं बघितलं तर एवढं पण बघून जा. पट्टी बसवली — ‘कट’! आला आवाज. आता बटन. पंखे फिरले...

टूं. एकच! एकच वाजला काका! एक छोटा वाजला म्हणजे मशीन म्हणतं सगळं जागेवर आहे. आणि हे बघा, चित्र! कालच्यासारखंच! चालू झालं हो, तरन्नुमबाजींचं मशीन चालू झालं! ... बसलात परत? आणि गाडी? जाऊ द्या म्हणता? पुढची साडेपाचला आहे. बसा, बसा.

काय म्हणली ती? आवाज आलाच न्हाई? मी ओरडत होतो म्हणून? ... परत ऐकायचंय? हो, करतो ना, त्यात काय, बंद करून परत लावतो. तुम्ही फोन इकडं भोंग्याजवळ धरा काका. असा. अजून जवळ. आता मी एक शब्द बोलत न्हाई —