फाटकाजवळचा हात

ओतीलिया : टीव्ही? आदेरितु, आग मागे लागलीय आणि तू टीव्ही घेतलास?

आदेरितु : काच वर कर. धूर आत येतोय.

ओतीलिया : मी जीव मुठीत धरून माडीवर जाते, आईचे फोटो आणते, घराचे कागद आणते, आणि हा माणूस मागच्या सीटवर टीव्ही झोपवतो. वर गोधडी घालून!

आदेरितु : मे महिन्यात घेतलाय. कोरा आहे अजून. काच वर कर म्हणतोय ना!

ओतीलिया : केली. दुपारचे तीन वाजलेत आणि अंधार बघ. दिवे लाव.

आदेरितु : लावलेत.

ओतीलिया : हे लावलेत? देवा... आणि तो कडकड आवाज कसला?

आदेरितु : निलगिरी. पेटली की साल सुटते, वाऱ्याबरोबर उडते. पडेल तिथे नवी आग.

ओतीलिया : आपल्या निलगिरी?

आदेरितु : ह्या डोंगरावर सगळ्यांच्याच निलगिरी आहेत.

ओतीलिया : आपल्या. बेल्मिरामावशींच्या कुंपणाला चिकटून लावलेल्या.

आदेरितु : आता नको. अकरा वर्षं ऐकतोय ते. गाडी आधीच रडतेय, तू तरी गप्प बस.

ओतीलिया : फाट्यावरून कुठे घेणार? वर की खाली?

आदेरितु : खाली. पुलावरून पलीकडे. वर चर्चपाशी गेलो तर अडकू. आग डोंगर चढत जाते.

ओतीलिया : कोणी सांगितलं खालचा रस्ता मोकळा आहे म्हणून?

आदेरितु : कोण सांगणार? फोन लागतोय का कोणाचा?

ओतीलिया : आदेरितु, फाट्याच्या अलीकडे त्या फाटकात बघ. मावशी आहेत. बेल्मिरामावशी! हात करतायत. थांब.

आदेरितु : हं.

ओतीलिया : हं काय? थांब! त्यांच्याकडे गाडी नाही, पायाने अधू आहेत!

आदेरितु : थांबलो तर बंद पडेल. सकाळपासून दोनदा पडलीय.

ओतीलिया : थांबू नकोस, नुसती हळू कर. मी दार उघडते.

आदेरितु : आणि बसवणार कुठे? मागे जागा आहे?

ओतीलिया : फेक तो टीव्ही! फेक बाहेर! ... गेलास. पुढे गेलास तू.

आदेरितु : मागून कोणी तरी येईल. घेईल त्यांना.

ओतीलिया : मागून आग येतेय, आदेरितु!

आदेरितु : ओती, पुढे बघ.

ओतीलिया : अरे... रस्त्याला आग लागलीय. दोन्ही बाजूंनी. उलटा फीर.

आदेरितु : वळायला जागा नाही. डोकं खाली घाल.

ओतीलिया : आदेरितु—

आदेरितु : शाल घे डोक्यावर! पायांपाशी वाक! काचेला हात लावू नकोस!

ओतीलिया : हे माझ्या आई... हे माझ्या आई...

आदेरितु : चल गं, चल माझी राणी, आता नको बंद पडूस, आता नको... पूल! ओती, पूल आला. गार हवा लागतेय बघ. वर बघ. वाचलो आपण.

ओतीलिया : माझ्याशी बोलू नकोस.

(पाच दिवसांनंतर, सकाळी. तालुक्याच्या गावातली शाळा. वर्गातली बाकं हलवून खाटा मांडल्या आहेत.)

बेल्मिरा : आत तरी ये. दारात उभा राहून वारा कशाला अडवतोस? ओतीलिया, तू इथे बस, खाटेवर. पायाला धक्का लावू नकोस फक्त.

ओतीलिया : फार भाजलंय का, मावशी?

बेल्मिरा : गुडघ्यापासून खाली. डॉक्टरीणबाई म्हणतात, कातडी येईल परत. ह्या वयात नवी कातडी म्हणजे चैनच की.

ओतीलिया : आम्हाला दुसऱ्या दिवशी कळलं, तुम्ही टाकीत होता म्हणून.

बेल्मिरा : बागेला पाणी द्यायच्या टाकीत. गळ्यापर्यंत. ओलं घोंगडं डोक्यावर. टाकीत चढताना छपराचा तापलेला पत्रा पायांवर आला, तेवढंच. शेळीलाही आत ओढत होते, पण ती ऐकेना. हट्टी होती. तीन तासांनी पाणी चांगलं कोमट झालं होतं. ... आदेरितु, तुझी जीभ जळली का?

आदेरितु : नाही, मावशी.

बेल्मिरा : मग बोल की. अकरा वर्षांनी आलायस माझ्याकडे. तेही कॉलर इस्त्री करून.

आदेरितु : लोक म्हणतायत, धुरामुळे मला तुम्ही दिसला नाहीत.

बेल्मिरा : लोक नाही म्हणत. मी म्हणते. पाद्रीबाबांना सांगितलं, नर्सबाईंना सांगितलं. टीव्हीवाली एक पोरगी आली होती, तिलाही तेच सांगितलं.

आदेरितु : का?

बेल्मिरा : कोणी विचारलं की काहीतरी सांगावं लागतं. आणि धूर होताच.

आदेरितु : होता.

बेल्मिरा : होता. पण तुझ्या-माझ्या मध्ये नव्हता.

आदेरितु : मी पाहिलं तुम्हाला, मावशी. हात पाहिला. निळा झगा पाहिला. ओतीलिया ओरडत होती, तेही ऐकलं. गाडी बंद पडेल म्हणालो. ती बंद पडतेच, खोटं नाही ते. पण थांबलो नाही ते गाडीमुळे नाही. भ्यालो होतो.

ओतीलिया : आणि? घरी मला जे सांगितलंस ते सांग. त्याच्यासाठीच आणलंय तुला.

आदेरितु : ओती...

ओतीलिया : सांग.

आदेरितु : तुम्ही पंचायतीत मला चोर म्हणाला होतात. माझ्या झाडांनी तुमचा झरा प्यायला म्हणून. सगळ्यांसमोर. ते मला त्या वेळी आठवलं. गाडी फाटकापाशी यायला तीन-चार सेकंद लागले असतील. तेवढ्यातही आठवलं. आणि पाय उचलला गेला नाही ॲक्सिलरेटरवरून.

बेल्मिरा : हं.

आदेरितु : टीव्ही पोराच्या घरी आहे. लावलेला नाही. मला बघवत नाही तो.

बेल्मिरा : टीव्ही?

ओतीलिया : मागच्या सीटवर टीव्ही होता, मावशी. तुमच्या जागी.

बेल्मिरा : माझ्या जागी कशाला? मी कुठे गाडीत बसणार होते?

आदेरितु : म्हणजे?

बेल्मिरा : माझ्या अंगणातून ओढा दिसतो. आग ओढ्यातून वर येत होती, खालच्या रस्त्याला लागली होती. मला ती दिसत होती, तुम्हाला फाट्यावरून दिसत नव्हती. म्हणून मी फाटकात उभी राहिले. वर जा, चर्चच्या फरसबंदी अंगणात जा, हे सांगायला. चार गाड्या वळवल्या. चारही तिथे सुखरूप राहिल्या. तुझी पाचवी.

ओतीलिया : तुम्ही आम्हाला...

बेल्मिरा : वर बोट दाखवत होते. वर! वर! घसा बसला माझा. तू वळलास खाली. मला वाटलं, गेली ही दोघं. टाकीत बसून तीन तास मी तुमच्यासाठी माळ जपत होते. बोटांवर, माळ घरात राहिली होती.

आदेरितु : मला फक्त हात हलताना दिसला.

बेल्मिरा : तू पुरतं बघितलंसच नाहीस. बघितलं असतंस तर थांबावं लागलं असतं.

आदेरितु : मावशी, मी काय बोलू?

बेल्मिरा : बोलू नकोस. एक विचारते, त्याचं उत्तर दे. मी खरोखरच गाडीत घे म्हणून हात केला असता, तर थांबला असतास?

आदेरितु : मी तेच समजलो होतो. तुम्ही गाडीत घे म्हणताय असंच.

बेल्मिरा : आणि थांबला नाहीस.

आदेरितु : नाही.

बेल्मिरा : बरं. आता धुराचं सांगणं बंद करते मी. तुझं तू सांग लोकांना. चर्चबाहेर सांग, दारूच्या गुत्त्यावर सांग. माझ्याच्याने दोघांचं ओझं उचलवत नाही.

आदेरितु : सांगेन. रविवारी सांगेन.

बेल्मिरा : रडू नकोस. पलीकडच्या खाटेवरच्या बाईचा नवरा गेलाय. तिच्यासमोर बरं दिसत नाही.

ओतीलिया : मावशी, तुमचं घर...

बेल्मिरा : चूल आहे. चार भिंती आहेत. वर आकाश.

ओतीलिया : आमचं घर आहे तसं उभं आहे. वारा फिरला म्हणे. नुसती ओसरी काळी झालीय. तुम्ही चला आमच्याकडे. मागची खोली मोकळी आहे, ऊन येतं तिथे. पायाची पट्टी मी बदलेन.

आदेरितु : या, मावशी. खरंच या.

बेल्मिरा : तुझ्या घरी येईन, ओतीलिया. ह्याच्या घरी यायला मला थोडे दिवस लागतील.

ओतीलिया : मावशी, घर तर एकच आहे.

बेल्मिरा : हो ना. म्हणून इथेच राहते अजून.