लाल गोल

—नाही हो काकू, मला कुणी पाठवलेलं नाही, आपणहून आलेय. सकाळी ऑपरेशनला नेणार एवढं कळलं आणि निघाले तशीच. बसू ना इथे? पिशवी राहू दे तुमची, मी पलीकडे बसते— ही खुर्ची डुगडुगतेय, असू दे. किती वेळ झाला आत नेऊन? बरं, नका बोलू. बारा वर्षं ओळखते तुम्हाला, तुम्ही रागावलात की बोलत नाही हे मला काय नवीन आहे? तुमची भिंगरी आमच्या बास्केटबॉलच्या संघात आली तेव्हा सोळा वर्षांची, तुम्ही सोबत यायचात, आणि मी कॅप्टन म्हणून तिला पहिल्याच दिवशी इतकं पळवलं की कोपऱ्यात जाऊन ओकली बिचारी— तेव्हाही तुम्ही आठवडाभर माझ्याशी बोलला नव्हतात. नंतर तुम्हीच म्हणालात, माझ्यामागे तू आहेस तिला बघायला. म्हणालात ना? भिंगरी हे नावही मीच ठेवलं, आता तुमच्या घरात खऱ्या नावाने तिला कोण हाक मारतं? म्हणजे मी काही परकी नाही. तेव्हा निदान ऐकून तरी घ्या.

लोक काहीही बोलतायत, काकू. म्हणे, हिने टीव्हीवर सांगितलं की भिंगरीचा डावा गुडघा दुखतोय, म्हणून समोरच्या संघाने हाफ टाइमनंतर मुद्दाम तिच्या डाव्या अंगाने घुसायला सुरुवात केली आणि गुडघा गेला. असं असतं का कुठे? खेळणाऱ्यांना ऐकू येतं का मी काय बोलते ते? मी वर काचेच्या खोलीत, कानाला हेडफोन लावून, आणि खाली ते सगळं स्टेडियम ओरडतंय. तुम्ही घरी बसून बघत होतात, तुम्हाला ऐकू आलं, त्यांना कसं येईल? आणि मी बोलले तरी काय पहिल्यांदा? की भिंगरी आज डावीकडे वळताना पाय टेकत नाहीये, नुसता ठेवतेय. एवढंच. हे दिसत होतं की. म्हणजे सगळ्यांना नसेल दिसत, मला दिसलं. माझ्या शेजारी खेळली ती आठ वर्षं, तिचा पाय मला माझ्या पायापेक्षा जास्त कळतो.

तुम्हाला वाटत असेल, ही काय, आयुष्यभर खेळली आणि आता गारव्यात बसून बडबडते, मजा आहे. मजा नाही हो. तुम्हाला माहितेय कॉमेंट्रीच्या माझ्या पहिल्या मॅचला काय झालं? खेळ सुरू झाला आणि मी बघतच बसले. बघतेय, बघतेय— पुढे काय होणार ते दिसतंय मला, पण तोंड उघडायचं असतं हेच विसरले. चाळीस सेकंद चिडीचूप. लोकांना वाटलं टीव्ही बिघडला. मग कानातला ओरडला— कानातला म्हणजे आमचा प्रोड्यूसर, दिवसभर कानात बोलतो म्हणून मी त्याला कानातला म्हणते— म्हणाला, ताई, तुम्ही आता प्रेक्षक नाही, आणि खेळाडूही नाही. हसले मी तेव्हा. घरी जाऊन रडले. कारण खेळाडू नाही हे तोपर्यंत मला कुणी असं तोंडावर सांगितलंच नव्हतं. घोटा गेला, वय झालं, निरोपाचा सामना झाला, फुलं मिळाली, पण वाक्य असं कुणी बोललं नव्हतं.

आणि कानातल्याचं एकच पालुपद. जे दिसतं ते लोकांना दिसतंच, तुम्हाला काय माहितेय ते सांगा. आतलं सांगा. शेजारी बसतो तो गडी एक दिवस कोर्टवर उतरलेला नाही, पण जीभ अशी की ऐकत राहावं. पुढच्या हंगामाला दोघांपैकी एकालाच ठेवणार, हे त्यालाही माहीत, मलाही माहीत. त्याच्याकडे जीभ आहे. माझ्याकडे काय आहे? आतलं आहे. तेवढंच आहे, काकू. दुसरं काही शिकले का मी? शाळा अर्धवट, संसार मांडायचा राहून गेला, अठरा वर्षं एक चेंडू आपटला.

नाही, मी स्वतःची बाजू घेत नाहीये. घेतेय का? हो, घेतेय थोडी.

काकू, गुडघा दुखतोय हे तिने तुम्हाला सांगितलं होतं? नाही ना. मला वाटलंच. मला सांगितलं होतं. दोन आठवड्यांपूर्वी माझ्याकडे आली, स्वयंपाकघरात ओट्यावर चढून बसली नेहमीसारखी, आणि पँट वर करून म्हणाली, ताई, हे बघ. एवढा सुजला होता. म्हणाली, आईला कळलं तर ती कोचला फोन करेल, कोचला कळलं तर बाकावर बसवेल, आणि पुढच्या महिन्यात देशाच्या संघाची निवड आहे. ही गोष्ट पोटात ठेव. मी म्हटलं, ठेवते. आणि वर अक्कल शिकवली— घट्ट पट्टी बांध, वरून लांब मोजा घाल, वळताना भार उजव्यावर घे, कुणाला कळणार नाही. मीही असाच घोटा लपवला होता शेवटच्या वर्षी. म्हणजे लपवायला मी शिकवलं तिला. आणि मग टीव्हीवर बसून लोकांना सांगितलं की बघा, ही लपवतेय.

पहिल्यांदा तोंडातून निघून गेलं, देवाशपथ. पण कानातला खूश झाला. म्हणाला, वा ताई, हेच, हेच पाहिजे, हाफ टाइमला यावर बोला. हाफ टाइमला तो मोठा पडदा असतो ना, बोटाने त्यावर रेघा काढता येतात, तुम्ही बघितलंत— त्यावर त्यांनी भिंगरीचं चित्र थांबवून ठेवलेलं. वळतानाचं. आणि मी बोटाने तिच्या गुडघ्याभोवती लाल गोल काढला. तोंडाने म्हटलं, हा गुडघा गेले दोन आठवडे सुजलेला आहे. शेजारचा गप्प झाला, काकू. त्याच्याकडे बोलायला काही उरलंच नाही. आणि मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू, फार बरं वाटलं. खेळत असताना शेवटच्या सेकंदाला चेंडू जाळीतून गेला की वाटायचं, तसं. वर्षभरात पहिल्यांदा.

आणि त्यांना ऐकू येत नाही म्हणाले ना मघाशी— म्हणजे खेळताना नाहीच येत. पण हाफ टाइमला सगळ्या मुली आत जातात, आणि आत टीव्ही असतो. भिंतीवर, फळ्याच्या शेजारी. आपल्याकडेही असायचा की. मी कॅप्टन असताना तर आत शिरल्या शिरल्या म्हणायचे, आवाज मोठा करा गं, समोरच्यांबद्दल काय सांगतायत बघू. दर मॅचला. भिंगरीच उठायची आवाज मोठा करायला, ती सगळ्यात लहान ना.

हो. माहीत होतं मला. गोल काढताना आठवलं होतं का? मी हेच विचारतेय स्वतःला कालपासून. पाच वेळा समोरच्या मुली तिच्या डावीकडूनच गेल्या, मी मोजत होते, वरून काही करता येईना. माईक हातात असून कुणाला हाक मारता येत नाही तिथून. सहाव्या वेळी तिने पाय टेकला. पुरता टेकला, माझं वाक्य खोटं पाडायला टेकल्यासारखा. आवाज वर काचेपर्यंत आला नाही, पण मी ऐकला.

फोन? नाही, माझाच वाजतोय. वाजू दे. कानातला आहे. काकू, एक सांगायचं राहिलं— मी आपणहून आले हे खरं, पण निघताना त्याचा फोन आला होता. म्हणाला, तुम्ही जाताच आहात तर दारात उभं राहून दोन वाक्यं बोला, ऑपरेशन कसं झालं, पुढे खेळेल का. तुमच्याशिवाय आत कुणाला सोडणार आहेत? मी नाही म्हणाले नाही. बघते म्हणाले. बघते म्हणजे काय, ते त्यालाही कळतं आणि तुम्हालाही. बंद केला बघा. बंद केला.

त्या सिस्टर तुम्हालाच बोलावतायत वाटतं. जा, जा तुम्ही, मी बघते पिशवीकडे.

काय म्हणाल्या? नीट झालं? शुद्धीवर आली? बरं झालं, बरं झालं बाई. वर्षभर नाही म्हणाले? वर्षभर. म्हणजे निवड गेली. पुढची मोठी स्पर्धा चार वर्षांनी, तेव्हा ती बत्तीस— असू दे, आत्ता नको ते. बोलली का काही? कुणाला? मला? ताई कुठाय म्हणून विचारलं?

म्हणजे तिला माहीत नाही. कसं असेल, ती तर कोर्टवरून थेट इथे आली. आतल्या टीव्हीवर— नाही, हाफ टाइमला ती आत नव्हतीच, बाहेर बाकाआड एकटीच पट्टी घट्ट करत बसली होती, मी वरून बघितलं. आणि तुम्हीही सांगितलं नाहीत? सकाळपासून शेजारी बसून तुम्ही तिला सांगितलं नाहीत?

मग मी आत जाऊन काय करू, काकू? हात धरून बसू? आणि ती म्हणाली, ताई, त्यांना कसं कळलं गं, तर? मी सांगायचं का? तुम्ही सांगाल? का कुणीच नाही सांगायचं, आणि महिनाभराने कुणीतरी तिला ते चित्र दाखवेल, गोलासकट? नका ना असं बघू. मी आल्यापासून माझ्या वागण्यावर एक शब्द बोलला नाहीत, आता बोला. शिव्या घाला, चालेल. तुम्ही म्हणाल तसं करते.

काय? जा?

काकू, जा म्हणजे— आत, की घरी?