पन्नास रेघा आणि सासूबाई

...आणि वर मलाच विचारतात, "नेमकं कुठे?" आता तुम्हीच सांगा, वादळ काय मला पत्ता देऊन निघतं का हो? हवामान खात्यात नकाशे काढते मी. कॉम्प्युटर एकाच वादळाचा पन्नास वेळा हिशेब करतो, दरवेळी सुरुवात जराशी बदलून, आणि पन्नास वाटा काढून देतो. नकाशावर दिसतात कशा, तर न विंचरलेल्या केसांसारख्या! साहेबांनी बघितलं आणि कपाळाला हात... "अहो मॅडम, हा गुंता लोकांना दाखवायचा? नेमकं कुठे ते काढा!" मग काय, बहुतेक वाटा जिथून जात होत्या तेवढा पट्टा रंगवला आणि दिला टीव्हीवाल्यांना.

संध्याकाळी सासूबाईंना फोन केला. एकट्याच राहतात, समुद्राला लागून, पत्र्याचं घर. म्हटलं, "आई, आवरा, हे न्यायला येतायत." तर म्हणतात कशा, "मी कशाला हलू? तुझा रंग पोस्टाच्या कोपऱ्यावर संपतो. आपलं घर अलीकडे!" अहो, रंग संपला म्हणून वादळ तिथे चपला काढून थांबणार आहे का? "आई, पट्ट्याबाहेरही येऊ शकतं..." "मग नेमकं कुठे?" घ्या!

तुम्हाला सांगते, पट्टा रंगवलाय मी, आणि त्याच्या भरवशावर ही बाई पाय पसरून बसलेली! शेवटी तो सगळा गुंताच पाठवला त्यांच्या मोबाइलवर. थोड्या वेळाने त्यांचाच फोन. "अगं, ही एक कुठली मेली? थेट माझ्या स्वयंपाकघरातून गेलीय!"

"आई, पन्नासातली एकच आहे हो ती..."

"एक काय कमी झाली? पाठव नवऱ्याला तुझ्या!"

पहाटे आलं वादळ. पोस्टाची काच फुटली नाही, आणि सासूबाईंचे पत्रे मागच्या गल्लीत! सासूबाई आमच्या पलंगावर ढाराढूर. मला रडूच फुटलं हो. तशी जागी झाल्या, पाठीवर हात फिरवला आणि म्हणाल्या, "रडू नकोस, चहा टाक."

आता कौतुक कुणाचं व्हावं? सगळीकडे सांगत सुटल्यात, "मी नकाशा बघूनच ओळखलं!" लोक खात्याला सोडून त्यांना फोन करतात. परवा पुन्हा आभाळ भरून आलं, साहेब हळूच माझ्या टेबलापाशी आले. म्हटलं झालं, आता विचारणार नेमकं कुठे... तर घसा खाकरून म्हणतात, "मॅडम, सासूबाई काय म्हणतायत?"

काय करता... लावला फोन!